आठल्ये मॅडमचे बिघाड

हेमा आठल्येंच्या फोटॉनिक्सच्या प्रॅक्टिकलला एम.एस्सी.ची पोरं जेवढी घाबरत, तेवढी लेखी पेपराला घाबरत नसत. लेखीला निदान मागच्या वर्षीचे प्रश्न तरी मिळत. मॅडमचं तसं नव्हतं. परीक्षेच्या सकाळी त्या एकट्याच प्रयोगशाळेत शिरत, आतून कडी घालत आणि प्रत्येक टेबलावरच्या जोडणीत एकेक खोट घालून ठेवत. कुठे लेसरचा प्रकाश नेणारी फायबर खोक्याच्या मागे करकचून वाकवलेली, कुठे प्रकाश मोजणाऱ्या डायोडच्या काचेवर खोबरेल तेलाचं बोट फिरवलेलं, कुठे मुद्दाम मेलेली बॅटरी. पोरांनी रीडिंगं घ्यायची, आलेख काढायचा आणि मॅडमनी काय बिघडवलंय ते शोधून लिहायचं. अर्धे गुण त्या बिघाडाला.

"उद्या कारखान्यात मशीन बंद पडलं की पुस्तक उघडून बसणार आहात होय रे?" असं त्या वर्गात विचारत. उत्तर द्यायची कोणाची टाप नसे.

ही खोड घरातली. वडील पोफळीच्या वीजघरात ऑपरेटर. सुट्टीच्या दिवशी घरातला फ्यूज काढून खिशात टाकायचे आणि पोरींना सांगायचे, "शोधा. तोवर रेडिओ नाही." थोरली रडायची. हेमा स्टुलावर चढायची. पुढे मुंबईला पीएच.डी. झाली, नोकरीही लागत होती; पण वडील आजारी पडले म्हणून रत्नागिरीला आली आणि इथेच राहिली. लग्न केलं नाही. मासळीवाल्या बाईने एकदा तोंडावर विचारलं, तर म्हणाली, "सवडच झाली नाही गो. तू सुरमई दाखव."

त्या वर्षी विद्यापीठाकडून बाहेरचे परीक्षक म्हणून कोल्हापूरचे मगदूम सर यायचे होते. हेमाची निम्मी टेबलं झाली होती तेवढ्यात दार वाजलं.

"मॅडम, कोल्हापूरवाले सायेब आले," प्रयोगशाळेतला शिपाई सदू बाहेरून ओरडला. "घाटात गाडी लागली वाटतं त्यांना. खाली बसलेत, तोंडाला लिंबू लावून."

हेमा खाली गेली. चहा झाला. मगदूम सरांचा रंग परत आला तसे ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "म्याडम, रागावू नका, पण तुमच्याबद्दल तक्रार आलीय. जोडणी बिघडवून पोरांना नापास करता म्हणून. मला मुद्दाम बघून यायला सांगितलंय."

"बघा की," हेमा म्हणाली. वर जाऊन तिने राहिलेली टेबलं घाईने उरकली. बिघाड ती कागदावर कधीच लिहीत नसे. लिहिलं की फुटतं. सगळं डोक्यात.

परीक्षा सुरू झाली. खिडकीजवळच्या टेबलावर दीपाली गोताड होती, लांज्याच्या आतल्या गावची. अंगाने काटकुळी, बोलायला भीतभीत. टायफॉइडने तिच्या वर्षभरातल्या चाचण्या बुडाल्या होत्या, म्हणून अंतर्गत गुण जेमतेम. पुण्याच्या एका फायबर केबलच्या कारखान्याने तिला निवडलं होतं, पण या परीक्षेत पास झाली तरच. नाहीतर ती जागा दुसऱ्याला. बिघाडाचे गुण गेले की दीपाली नापास, एवढा सरळ हिशोब होता. वर्गात तो सगळ्यांना ठाऊक होता.

हेमा फिरत फिरत तिच्यामागे आली आणि आलेख बघून थबकली. लेसर एका ठरावीक करंटपर्यंत नुसता मिणमिणतो आणि तिथून एकदम भडकतो. आलेखाला तिथे कोपर येतं. दीपालीच्या आलेखाचं कोपर जिथे हवं तिथे होतं आणि पुढची रेघ लेसरच्या कंपनीने दिलेल्या कागदाबरहुकूम सरळ वर चढलेली. फायबर वाकवलेली असती तर ती रेघ अशी चढलीच नसती.

आपण इथली फायबर वाकवली ना? हेमाने आठवून बघितलं. हातात फायबर धरलेली आठवली. मग दार वाजलेलं आठवलं. मग खाली गेलो. वर आलो ते थेट पुढच्या टेबलाशी.

या टेबलावर बिघाड नव्हताच. आणि ती पोर नसलेला बिघाड शोधत होती. तिने खोकं उघडलं, वायरी ओढून बघितल्या, परत सगळी जोडणी सुटी केली.

"मॅडम, तिनं दोनदा सोडून परत जोडलंन," सदू कानाशी कुजबुजला. "काय असं घातलंत तरी काय?"

"गप रे."

मगदूम सर चार हातांवर बसले होते. आता उठून सांगायचं? तक्रारीला आपणच पुरावा द्यायचा? हेमाने मनाशी ठरवलं, पोरगी 'बिघाडच नाही' असं म्हणाली तर तिला पूर्ण गुण. तिने म्हणायला हवं मात्र. बाकीची पोरं एकेक करून बाहेर पडली. तिच्या वर्गातला शार्दूल जाता जाता दीपालीला हळूच म्हणाला, "काहीतरी ठोक नि सुट." दीपालीने मान वर केली नाही.

शेवटी ती दोघांसमोर येऊन उभी राहिली.

"बोला, काय बिघाड?" मगदूम सरांनी विचारलं.

"सर, फायबरच्या टोकाला धूळ होती. पुसली. मग नीट आलं."

"वा! बरोबर पकडलंस की," मगदूम सर खूश झाले. पेन उघडलं.

हेमाला गप्प बसता आलं असतं. पोर पास, तक्रार खोटी, सगळ्यांचंच भलं. दीपाली तिच्याकडे बघत नव्हती, आणि त्यावरूनच सगळं कळत होतं.

"पुसायच्या आधीचं रीडिंग दाखव," हेमा म्हणाली.

दीपालीने कागद उलटा केला, सुलटा केला. "नाय घेतलं मॅडम."

"धूळ होती का?"

दीपालीने कागद टेबलावर ठेवला.

"सर, त्या टेबलावर मी काही केलंच नव्हतं," हेमा म्हणाली. "तुम्ही आलात, मी खाली गेले आणि ते राहिलं. चूक माझी."

मगदूम सरांनी पेन मिटलं. "आणि ही पोरगी खोटं लिहिते?"

"मना वाटलं, हाय पण मनाच दिसत नाय," दीपालीला रडू फुटलं. "मॅडमनी दिलंय म्हंजे काहीतरी असणारच. नाय कसं म्हणू?"

ते ऐकून हेमाला थोबाडीत बसल्यासारखं झालं. नाही म्हणायला तिने या पोरांना कधी शिकवलंच नव्हतं.

मगदूम सर खुर्ची मागे सारून उठले. "एक काम करू. दोघीही बाहेर व्हा. म्याडम, तुम्हीसुद्धा. आता मी बघतो तिची जोडणी, मग तिनं परत शोधायचं."

दोघी व्हरांड्यात उभ्या राहिल्या. हेमाने पाण्याची बाटली पुढे केली. दीपालीने ती घेतली, पण प्यायली नाही.

आत बोलावलं तेव्हा सरांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. दीपाली बसली. एकेक करंट वाढवत तिने रीडिंग घेतलं, मघाच्याच आलेखावर दुसऱ्या रंगाने टिंबं दिली. टिंबं जुन्या रेघेवरच पडत गेली. तिने फायबर हाताने शेवटपर्यंत चाचपली. बॅटरी मोजली. डायोडच्या काचेला डोळा लावला. मग मान वळवून हेमाच्या तोंडाकडे बघितलं.

हेमा झटकन खिडकीकडे वळली. बाहेर कोणीतरी स्कूटर चालू करायला किका मारत होतं. काहीच नाहीये तिथे, हे आता तिलाही कळलं होतं, आणि ते चेहऱ्यावर दिसू नये म्हणून तिने दात आवळून धरले.

"वेळ झाली," मगदूम सर म्हणाले. "काय बिघडवलंय मी?"

दीपाली उठून उभी राहिली. म्हणाली, "काय नाय, सर."

"नीट बघ. मी मघाशी टेबलापाशी बराच वेळ होतो."

"असाल. पण तुमी कायसुद्धा केलेलं नाय. ह्या बघा, दोन्ही वेळची रीडिंगं. तशीच हायत."

"नापास केलं तर?"

"तरी नाय."

मगदूम सर हसले नाहीत. त्यांनी कागद पुढे सरकवला. "हेच लिही. खाली सही कर."

तिने लिहिलं. सरांनी बिघाडाचे गुण दोन उत्तरांत निम्मे निम्मे वाटून मांडले आणि कागद हेमाकडे दिला. हेमाने चष्मा चढवून पहिल्या उत्तराच्या गुणांवर काट मारली, दुसऱ्याचे पूर्ण ठेवले आणि बेरीज केली. दीपाली जेमतेम पलीकडे गेली होती.

"पास आहेस," हेमा म्हणाली. "धुळीचे कापलेत मी."

"कापा मॅडम," दीपाली म्हणाली, आणि मघाच्या बाटलीतलं पाणी घटाघटा प्यायली.