चाचांचे नव्वद दिनार
पाडव्यानंतरचा शुक्रवार, रक्कम नव्वद दिनार, आणि हजर आम्ही चौघे: आखातातल्या आमच्या मराठी मंडळाचे निवडून आलेले अध्यक्ष, तसेच निवडून आलेले खजिनदार, हिशेब तपासायला नेमलेला मी, आणि तिथल्याच मिरकाब वस्तीत राहणारे, मूळ रत्नागिरीचे आचारी, ज्यांना सगळे चाचा म्हणत. जायफळाचा वास आला की मला तो हॉल आठवतो, कारण आदल्या दिवशीच्या श्रीखंडाचा वास तिथल्या पडद्यांत मुरला होता. चाचांनी तीनशे माणसांचा स्वयंपाक केला होता आणि रविवारी ते मुलीच्या लग्नासाठी गावी निघणार होते. खजिनदार चेकवर सही करेनात. "समितीला न विचारता आचारी ठरवलात, आता पैसेही तुमच्या खिशातून द्या." अध्यक्ष म्हणाले, "मला तुमच्याहून जास्त मतं पडलीत. माणूस ठेवायला तुमची परवानगी घेऊ?" चाचा शांतपणे म्हणाले, "साहेब, काल दोघांनी पुऱ्या पुन्हा पुन्हा मागवल्यात, तवा परवानगी नाय लागली?" मी म्हटलं, आधी यांचे पैसे द्या, मग हवं तेवढं भांडा. त्यावर दोघेही एकदम माझ्यावर उलटले: तपासनिसाने खर्च झाल्यावर बोलायचं असतं. मी माझे पैसे देऊ केले, तर चाचांनी हात मागे घेतला. "रांधलं मंडळासाठी, तुमच्यासाठी नाय." ते रिकाम्या हाताने विमानात बसले आणि परत आलेच नाहीत. मी मंडळ केव्हाच सोडलं, राग मात्र अजून सुटलेला नाही. कोणाचा अधिकार मोठा हे ठरवायला नंतर तीन सभा झाल्या, आणि मंडळाच्या खात्यातून शेवटी एकशेवीस दिनार दिले गेले, ते त्या सभांच्या भाड्यापोटी हॉलच्या मालकाला.