पापड संपले का, काका?

सुमनताईंबद्दल लिहायचं मी फार वर्षं टाळलं. त्यांचा विषय निघेल अशा जागी मी बसत नसे, आणि निघालाच तर काहीतरी निमित्त काढून उठत असे. आता वय झालं आहे. बायको म्हणाली, "लिहा, आणि माझं नाव घालून लिहा." माझा मुलगा हे वाचेल. त्याने वाचावंच.

सुमनताई रस्त्यात कुणालाही ओळख दाखवत नसत. सरकारी दवाखान्यातल्या एचआयव्हीच्या केंद्रात त्या काम करत. तपासणीला आलेल्याला धीर देणं, औषधं सुरू झाली की ती सुटू न देणं, आणि सुटली तर त्या माणसाला घरून परत आणणं, हे त्यांचं काम. कल्याणच्या बाजारात त्यांच्या ओळखीची कितीतरी माणसं समोरून येत, पण त्या भिंतीकडे बघावं तशा बघून पुढे जात. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला सांगत, "बाहेर भेटलो तर मी तुम्हाला ओळखत नाही. तुम्ही आधी माझं नाव घेतलंत तर बोलेन. नाही घेतलंत तरी मला राग नाही."

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या ओठातून रक्त येत होतं. केंद्राबाहेरच्या बाकावर मी माझा रिपोर्ट घेऊन बसलो होतो. शेजारी एका माणसाने आपल्या गरोदर बायकोला चपलेने मारायला सुरुवात केली. तिच्या रक्तात लागण निघाली होती आणि तो ओरडत होता, "कुणाकडून आणलंस?" आम्ही सगळे नुसते बघत राहिलो. सुमनताई आतून धावत आल्या, मध्ये घुसल्या, आणि त्यांच्या तोंडावर त्याचा ठोसा बसला. त्यांनी त्याची कॉलर धरून त्याला भिंतीला टेकवलं. "झालं मारून? आता बाही वर कर. तुझंही रक्त घ्यायचंय." तो माणूस खरोखरच बाही वर करू लागला. पदराने ओठ पुसत त्या माझ्याकडे वळल्या. "काका, घाबरू नका. तुम्हाला नाही मारणार. आज तरी."

त्या स्वतःही, माझ्यासारख्याच, एचआयव्हीच्या गोळ्यांवर होत्या. नवरा वारल्यावर सासरच्यांनी त्यांना भांड्यांसकट अंगणात फेकलं होतं, दिराने पाठीत लाथ घातली होती. हे त्या हसत सांगत. "कळशीला पोचा आला, मला नाही." मग माहेरी, खडवलीला, भावाकडे राहू लागल्या. भावजय उडदाचे पापड करायची. त्या पापडांची पिशवी खांद्याला लावूनच त्या लोकांच्या घरी जात, म्हणजे शेजाऱ्यांना संशय येत नसे. फोनवरही तेच बोलणं. "पापड संपले का, काका?" म्हणजे गोळ्या संपल्या का. "संपले" म्हटलं की, "मग उद्या या, ताजे आलेत."

आमचं गाव शीळ रस्त्याच्या आत. पूर्वी भातशेती होती, पुढे रेतीचे ट्रक आले, पैसा आला, आणि मी बाहेरच्या बायकांकडे जाऊ लागलो. त्याची शरम मला सुमनताईंनी कधी वाटू दिली नाही. त्या एकाच गोष्टीसाठी माझ्या मागे लागल्या. "काकूंची तपासणी कधी?"

मी म्हणायचो, पुढच्या वेळी आणतो.

"पुढच्या वेळेपर्यंत काकू आजारी पडल्या तर? रोज गोळी घेतलीत तर तुमच्या रक्तातला विषाणू दबेल, मग तुमच्यापासून कुणाला लागणार नाही. पण आधीच लागला असेल त्याचं काय? त्यांनाही औषध मिळतं हो. फुकट मिळतं. फक्त कळायला हवं. मी सांगणार नाही, तो माझा अधिकार नाही. तुम्ही सांगा."

वत्सलाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगण्यापेक्षा मला केंद्रात जाणं बंद करणं सोपं वाटलं. गोळ्या संपल्या तरी गेलो नाही. फोन वाजायचा, 'सुमन पापड' असं नाव दिसायचं, आणि मी तो उशीखाली ढकलायचो.

ते फोन माझ्या मुलाने, निलेशने, पाहिले. आमच्याकडे जमिनी टॉवरवाल्यांना गेल्यापासून प्रत्येक घरात एक भीती बसली आहे, की म्हाताऱ्याची कुणी बाहेरची निघेल आणि वाटा मागेल. शेजारच्या गावात तसं झालंही होतं.

त्या दुपारी घराच्या वरच्या मजल्याचं काम चालू होतं. दारात रेतीचा ढीग होता. सुमनताई पिशवी घेऊन फाटकातून आत आल्या. मी ओट्यावर होतो.

"काका, पापड संपले असतील ना? फोन उचलत नाही तुम्ही."

निलेश पुढे झाला. "सुमन पापड! तू हायस व्हय ती? माझ्या बापाला दिवसातून चारदा कसले पापड विकतेस गो?"

"उडदाचे. देऊ तुम्हाला?"

त्याने हातातलं हेल्मेट त्यांच्या डोक्यात घातलं. त्या रेतीवर पडल्या. "जागेत वाटा पायजे तुला? वाटा?" पिशवी फाटली, पापड पायाखाली चुरले. आवाज ऐकून वत्सला बाहेर आली. तिने काय ते ओळखलं, म्हणजे चुकीचं ओळखलं, आणि सुमनताईंचे केस धरून त्यांना फाटकापर्यंत ओढत नेलं. जिच्या जिवासाठी त्या आल्या होत्या, तिनेच.

मग निलेशने मला विचारलं, "बाबा, सांगा. कोन लागते ही तुमची?"

सगळे थांबले. सुमनताईंनी माझ्याकडे पाहिलं. बाजारात पाहत तसंच, भिंतीकडे बघावं तसं. आजही वाटतं, त्या मला सवलत देत होत्या. ती मी घेतली. म्हणालो, "मी ओळखत नाही हिला."

निलेशला तेवढंच हवं होतं. त्याने रेतीतलं फावडं उचललं. दांड्याच्या दुसऱ्या घावाला त्यांचं कोपर मोडलं. तो आवाज ओट्यापर्यंत आला. त्यांच्या नाकातलं रक्त रेतीत मुरत होतं. तशातही त्या बोलल्या. "काका, काकूंना पण द्या पापड. लवकर."

"अजून पापड!" निलेश म्हणाला आणि त्याने त्यांच्या तोंडावर लाथ मारली.

नाक्यावरच्या रिक्षावाल्यांनी त्यांना उचलून नेलं. पोलीस आमच्याकडे आले नाहीत. पुढे एका नर्सने मला सांगितलं, की सुमनताईंनी दवाखान्यात 'गाडीवरून पडले' असं लिहून दिलं. नर्स त्यांच्यावर चिडली होती. त्या म्हणाल्या, "केस केली तर पहिला प्रश्न येणार, तिकडे कशाला गेली होतीस? मग काय सांगू?"

माझ्यात बोलायचं बळ यायला पावसाळा उलटला. स्वयंपाकघरात उभा राहून वत्सलाला सगळं सांगितलं. तिने हातातली पळी माझ्या कपाळात मारली. व्रण अजून आहे. मग ती जमिनीवर बसली. म्हणाली, "त्या बाईचे केस माझ्या मुठीत आलेले."

तपासणीत तिलाही लागण निघाली. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. आज ती माझ्यापेक्षा ठणठणीत आहे.

औषधं सुरू करायला गेलो तेव्हा सुमनताई कामावर परत आल्या होत्या. कोपर कायमचं वाकडं, पुढचे दोन दात गेलेले. वत्सलाने त्यांना पाहिलं आणि भर गर्दीत त्यांचे पाय धरले. "पोरी, मला मार. तूपण मार मला." सुमनताईंनी धड हाताने तिला उठवलं. "अहो काकू, काय हे? मी तुम्हाला आजच बघतेय. चला, वजन करू." मी तेव्हा वजनकाट्याकडे बघत उभा होतो.

त्यानंतर फोन वत्सलाला येऊ लागला. "काकू, पापड संपले का? आणि काकांचे?" मला मात्र कधी आला नाही.

एकदा कल्याणच्या भाजीबाजारात त्या समोरून आल्या. वाकड्या हातात मेथीची जुडी होती. मी वाटेतच उभा राहिलो. त्या जवळ आल्या, जराशा हळू झाल्या. मी आधी नाव घ्यायचं होतं, एवढंच होतं. माझं तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही, आणि त्या भिंतीकडे बघावं तशा बघून पुढे गेल्या.

शेवटी एक दिवस खडवलीला गेलो. घर विचारत विचारत पोचलो, तर दारात मांडव होता आणि आत त्यांच्या फोटोला हार. मेंदूत रक्तस्राव झाला होता. भावाने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग आपणहून बोलू लागला. "मागे कुणीतरी तिला जनावरासारखं मारलं होतं. तेव्हापासून डोकं दुखायचं. कोणी मारलं ते शेवटपर्यंत बोलली नाही." त्याने विचारलं, "तुम्ही कुठले? ताईची ओळख कशी?"

मी म्हणालो, "पापड घ्यायचो त्यांच्याकडून."

तो आत गेला आणि पापडांचा एक पुडा आणून त्याने माझ्या हातात ठेवला. मी तो घेतला. फोटोतल्या सुमनताई सरळ माझ्याकडे बघत होत्या. घरापासून तिथवर मी एकच वाक्य पाठ करत आलो होतो: सुमनताई, त्या दिवशी मी तुम्हाला ओळखत होतो.