आज तुझा दिवस नाही

चिकू हातात घेऊन ती अंगठ्याच्या नखाने किंचित खरवडायची. सालीखाली हिरवं दिसलं की बाजूला टाकत म्हणायची, "हा अजून शाळेत जातो." मग माझ्याकडे बघून, "आणि हा परभणी, न पिकताच शाळेतून पळाला."

बोर्डीच्या एका वाडीतल्या शेडमध्ये आम्ही समोरासमोर बसून चिकूची खोकी भरायचो. मी नववीतच शाळा सोडून परभणीहून आलेला. शेठनी काम दिलं, झोपायला शेडमागची खोली दिली. ते उपकार मी विसरलेलो नाही. ती सायवनची, इथे मामाकडे राहायची. काहींचे हात तोंडापेक्षा भरभर चालतात, तुम्हीही पाहिले असतील. तिचं दोन्ही चालायचं.

२०१६च्या उन्हाळ्यात शेठ म्हणाले, "पावसाळ्यात माल कमी. दोघांतला एकच ठेवीन. काम बघून."

काम गेलं तर खोलीही जाणार, आणि घरी कुठल्या तोंडाने जायचं? मी तिच्याशी बोलणंच बंद केलं. ती मात्र दर खोक्याला मुद्दाम मोठ्याने म्हणायची, "झालं!"

मग माझ्याकडून एक चूक झाली. ऊन फार होतं. आमच्याकडे बाजारात कोथिंबिरीवर पाणी मारतात, तसं मी तिची नजर चुकवून माझ्या भरलेल्या खोक्यांवर मारलं. माल ताजा दिसेल, शेठ खूश होतील.

संध्याकाळी ट्रक यायच्या आधी तिचा हात माझ्या एका खोक्याला लागला.

"ओलं? अरे येड्या, दिल्लीला पोचेपर्यंत सगळा सडेल!"

ती गप्प बसली असती तर काम तिचंच होतं. तिने खोकी उलटी केली, चिकू गोणपाटावर पसरले आणि एक फडकं माझ्या अंगावर फेकलं. "बघतो काय? पूस."

पुसता पुसता मी विचारलं, "शेठला सांगशील?"

"तुला तोंड नाही का?"

मी सांगितलं. शेठ भडकले आणि त्यांनी तिला ठेवलं. तर ही म्हणते, "एक दिवस मी येते, एक दिवस हा."

"तुमचं तर पटत नाही ना?"

"म्हणून तर. हा गेला तर भांडू कोणाशी?"

मी राहिलो. पण दिवसाआड काम म्हणजे भेट नाही, हे आधी दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात ती माझ्या पाळीला येऊन समोर बसली.

"आज तुझा दिवस नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे. तुझी खोकी बघायला आले." आणि पहिल्यांदाच तिने खाली बघितलं.

दिवाळीनंतर ती आमचं जमल्याचं घरी सांगायला सायवनला निघाली. डहाणूच्या एसटी स्टँडवर मी म्हटलं, "मीही येतो."

"नको. दोघं गेलो तर बाबांसमोरच भांडू. आधी मी."

बाबा नाही म्हणाले तर तिला परत पाठवणार नाहीत, हे मला कळत होतं. तिलाही.

गाडी सुरू झाली. खिडकीतून माझ्याकडेच बघत तिने कंडक्टरला मोठ्याने विचारलं, "दादा, उद्या परतीची पहिली गाडी किती वाजता?"