जावयाचा निळा कुर्ता

मी माझ्या एकुलत्या एका जावयाचा धोंड्याचा आहेर गोधडीत शिरून खरेदी केला. तोही लातुरातल्या मे महिन्यात!

कारण सांगतो. साखरेनं माझी नजर मधोमध खाल्लीय. समोरच्या माणसाचे कान दिसतात, नाक दिसत नाही. गडद निळा आणि काळा तर मला सख्खे जुळे भाऊ. तरी आहेर घ्यायला बायकोबरोबर गंजगोलाईतल्या कापडदुकानात गेलो होतो. दुकानदारानं तिला चार कापडं उलगडून दाखवली आणि माझ्याबद्दल तिलाच विचारलं, "काकांना चहा चालतो का?" जन्मभर एसटीत कंडक्टर होतो हो मी! भरल्या गाडीत तिकीट कोण चुकवतंय ते पाठमोरं ओळखायचो. तो चहा तसाच ठेवून मी उठलो. घरी येऊन जाहीर केलं, जावयाचा कपडा मी निवडणार. मोबाईलवर. एकटा.

माझा मोबाईल बोलका आहे. पडद्यावर बोट फिरवलं की बोटाखाली काय आहे ते मोठ्यानं सांगतो. पण आमच्या घरात बोलायलाच बंदी! भूकंपानंतर गाव सोडून इथं दोन खोल्या बांधल्या, पुढं कोचिंगचं पेव फुटलं तसे वर मजले चढवले. आता भाडेकरू पोरींची सीईटी तोंडावर आली की आम्ही खाली शिंकतानासुद्धा तोंडावर उशी धरतो. (कानात घालायची वायर नातवानं चावून ठेवलेली.) म्हणून गोधडी.

आत अंधार, घामाच्या धारा आणि फोनचं आपलं चाललेलं, "बटण. चित्र. बटण. नाव नसलेलं बटण." का रे बाबा, बारशाला कुणी आलं नव्हतं का? किंमत मात्र खणखणीत वाचायचा. कुर्त्याचा रंग निवडायला गोल ठिपके होते. त्यांच्यावर बोट ठेवलं की म्हणायचा, "रंग. रंग. रंग." कुठला, ते सांगायला जीभ जड! खाली अक्षरं होती, पण पांढऱ्यावर राखाडी, पाणी घातलेल्या ताकासारखी फिक्की. फोन नाकाला लावला, मान वाकडी करून डोळ्याच्या कडेनं पाहिलं आणि देवाचं नाव घेऊन एका गडद ठिपक्यावर टकटक केलं. झाला निळा घेऊन.

पत्ता दिला, पैसे दारात द्यायचं ठरवलं. मग मीच मी आहे का ते तपासायला ओटीपी आला. फोननं तो सुटा न वाचता एका दमात वाचला, "चार लाख ब्याऐंशी हजार नऊशे तेरा." मी त्याचे आकडे सोडवेपर्यंत मुदत संपली. पुन्हा मागवला. "सात लाख..." एवढं ऐकतोय तोच गोधडी उचलली गेली.

"कुणाला देऊन राहिलात सात लाख?" बायकोनं विचारलं.

"हळू बोल. पोरी अभ्यास करून राहिल्यात."

तिची समजूत घालण्यात तोही ओटीपी वाया गेला. पुढच्या खेपेला जमलं एकदाचं. त्या दिवशी जेवण गोड लागलं. कुणाचा हात न धरता मी बाजार करून आलो होतो.

रविवारी नांदेडहून लेक-जावई आले. जावयाला पाटावर बसवलं, ओवाळलं. पुडकं मी कुणाला फोडू दिलं नव्हतं, ते माझ्या हातानं दिलं. कागद फाटल्याचा आवाज आला.

"कसा हाय निळा?" मी विचारलं.

"लई भारी, मामा," जावई म्हणाले. लेकही म्हणाली, हाव, त्यांना निळाच खुलतो. ते कुर्ता घालूनच जेवायला बसले. मी छाती फुगवून साखर विसरलो आणि अनारसा उचलला.

तेवढ्यात खिशातला फोन खणखणीत बोलला, "तुमचा काळा कुर्ता पोहोचला आहे. कसा वाटला?"

काळा! देवासारखा पाटावर बसवलेला जावई आणि त्याच्या अंगावर काळं! घेताना ज्याच्या तोंडून रंग निघाला नाही, त्याला पैसे पोचल्यावर वाचा फुटली. पण खरं सांगू? ॲपचा मला राग आला, रडू आलं ते माझ्या माणसांमुळं. माझ्यासाठी त्यांना एवढ्या मायेनं खोटं बोलावं लागलं. मी म्हणालो, काढा तो. जावई उठून पाया पडले.

"मामा, मला तर निळाच दिसतो," म्हणाले. आणि काही केल्या काढेनात.

ते गेल्यावर मी चिडून ॲपला एकच तारा द्यायला बसलो. ताऱ्यांचंही बारसं झालेलं नव्हतं. जे दाबलं ते 'पुन्हा मागवा' होतं, हे गुरुवारी तसलंच दुसरं पुडकं दारात आल्यावर कळलं. तोवर बायकोनं पैसेही देऊन टाकले होते. परत पाठवायचं बटण शोधायचं तर पुन्हा गोधडीत शिरणं आलं. म्हणून तो कुर्ता आता मीच घालतो. बायको म्हणते, निळा हाय. लेक फोनवर म्हणते, निळाच असंल. वरच्या पोरी जिना उतरता उतरता सांगतात, काका, निळा मस्त दिसतो. अख्ख्या घरात नजर अधू असलेला मी एकटाच. मलाच तो काळा दिसतो!