आत्याची रॅम

आत्याने इतकी वर्षं बस चालवली, पण गाडीला कधी ओरखडासुद्धा आला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे धडकाच धडका आहेत.

ती बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही. "एवढे प्रवासी सांभाळते, त्यात आणखी एक कशाला?" म्हणायची. मग तपासणीत तिचा डावा डोळा नापास झाला आणि आगाराने तिला स्टिअरिंगवरून उचलून चौकशीच्या खिडकीत बसवलं. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या कधी सुटणार ते सांगत बसायचं. आत्याने रडून दाखवलं नाही. जुन्या सुट्या भागांचा एक स्वस्तातला गेमिंग कॉम्प्युटर जोडून घेतला, टेबलाला गेमचं स्टिअरिंग आवळलं आणि संध्याकाळी पडद्यावर ट्रक हाकायला लागली.

मोकळ्या रस्त्यावर ट्रक झकास पळायचा. शहर आलं की चित्र क्षणभर गोठायचं आणि सुटेपर्यंत ट्रक भिंतीत. रोजचंच झालं. बाबा दारात उभे राहून बघायचे.

"ताई, आता तरी मान. उगाच नाही उतरवलं तुला."

मला बाबांचा असा राग यायचा! आत्या मात्र मान खाली घालून गेम पुन्हा सुरू करायची, आणि तेच मला जास्त लागायचं.

शेवटी मी गेम चालू असताना मेमरी किती वापरली जाते ते उघडून दाखवलं. शहर जवळ आलं की आठ जीबी काठोकाठ भरत होती. "रॅम कमी पडतेय, आत्या. आत एक स्लॉट रिकामा आहे. दुसरी स्टिक टाकू या."

मला वाटलं, ती लगेच चप्पल घालेल. ती "बघू" म्हणाली. पुढच्या आठवड्यातही "बघू"च.

एकदा भांडी विसळताना तिच्या तोंडून खरं निघालं. "आत्ता मशीनवर ढकलता तरी येतं गं. रॅम टाकली आणि तरीही धडकले, तर?"

"मग राहू दे ना," मी म्हटलं.

"राहू दे?" ती उसळलीच. "म्हणजे तुझ्या बापाचं खरं धरून चालू जन्मभर? पर्स आण माझी."

दुकानदार म्हणाला, "मावशी, व्हिडिओ बघायला आठ जीबी रग्गड होते."

"व्हिडिओ तू बघ. मला ट्रक चालवायचाय."

"टाका, पण सगळा दोष रॅमचाच असेल असं नाही हां."

"ते माझं मी बघीन."

घरी तिने स्वतः कॅबिनेट उघडून स्टिक बसवली. बटण दाबलं तर पडदा काळाच. "झालं! होतं तेही घालवलंस," बाबा दारातून म्हणाले. आत्याने वळूनही पाहिलं नाही. स्टिक काढली, पुन्हा लावली आणि दोन्ही टोकं कट् आवाज येईपर्यंत दाबली. पडदा उजळला.

"दारात नको उभा राहूस," ती बाबांना म्हणाली. "खुर्ची घे. चांगलं जवळून बघ."

शहर आलं. चित्र गोठलं नाही. पहिलं वळण, सिग्नल, पूल, पुन्हा वळण. आत्याचे हात असे सैल, जणू मागे पन्नास माणसं निवांत झोपली आहेत. बाबा खुर्चीत पुढे सरकले. मी तर टाळ्याच वाजवल्या.

गोदामाच्या फाटकातून आत वळताना ट्रकची डावी बाजू खांबाला लागली. चांगलीच लागली. डावीच.

बाबांनी बहिणीकडे पाहिलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मऊ आवाजात म्हणाले, "ताई, रॅम अजून थोडी कमी पडत असेल गं."

"रॅमला काही बोलू नकोस," आत्या म्हणाली. "त्या भिंती मशीनच्या होत्या. हा खांब माझा."

मग तिने मला पडद्यावरचा डावा आरसा मोठा करून द्यायला सांगितलं आणि रिव्हर्स टाकला.