मोटर बंद केली त्या दिवशी

आमच्या भवानी पेठेत पाणी येतं त्या दिवशी कुणी कुणाचं नसतं. नळातून हवेचा सूं सूं आवाज आला की सगळी गल्ली मोटरीकडं धावते. आणि नेमकं त्याच सकाळी माझी राजस्थानातली विहीर राहणार की जाणार, हे ठरायचं होतं.

विहीर गॅसची. मी सोलापुरात घरी बसून लॅपटॉपवर तिच्यावर नजर ठेवते, तीच माझी नोकरी. खाली वाळूचा खडक, पण इतका घट्ट की गॅस त्यातून झिरपत झिरपतच येतो. नवी होती तेव्हा बक्कळ गॅस द्यायची. आता वय झालं, दाब उतरला, आणि गॅसबरोबर वर यायचं ते पाणी नळीतच साठून राहिलं. त्याच्या वजनाखाली गॅस कोंडला. साहेबांनी बजावलं होतं, संध्याकाळपर्यंत चालली नाही तर सिमेंट ओतून कायमची बंद. मी भांडून एक शेवटची संधी मागून घेतली होती. आत साबणाच्या कांड्या सोडायच्या, विहिरीचं तोंड बंद ठेवायचं आणि दाब भरू द्यायचा. मग उघडलं की पाणी फेस होऊन बाहेर पडतं. पण खडक असला चिक्कू, दाब चढतो मुंगीच्या पावलानं. घाई केली की अर्धं पाणी आतच राहतं आणि सगळं वाया.

लॅपटॉपवर दाबाची रेघ हळूहळू चढत होती. तिथला ऑपरेटर सारखा फोन करायचा, "मॅडम, खोल दूँ?"

"नहीं! रुको म्हटलं ना!" मी खेकसले. बिचारा. हा उपाय इथं लागू पडला तरच शेजारच्या जुन्या विहिरीही वाचणार होत्या, आणि त्यांवरच त्याची नोकरी होती; त्याचाही जीव टांगणीला होता.

इतक्यात अव्वानं, म्हणजे माझ्या आईनं, मोटर लावली. आमच्या घरातली वायर जुनी. मोटर फिरली की दिवे मिणमिणतात आणि वायफाय मान टाकतं. रेघ होती तिथंच थिजली. फोनही गेला, कारण आमच्या जाड भिंतींत रेंज येत नाही, तोही वायफायवरच चालतो. मी उत्तर देत नाही म्हणून तिकडं तो ऑपरेटर आपल्या मनानं उघडून बसला तर? धावत गेले आणि मोटरीची पिन उपटली.

"अगं ए, याड लागलं का तुला? पानी जाईल की गं!"

"अव्वा, थोडं थांब, माझी विहीर..."

"खड्ड्यात गेली तुझी विहीर! हितं प्यायला थेंब न्हाय!"

वायफाय परत यायला किती वेळ लागला देव जाणे, मला तर युग वाटलं. रेघ वर चढून सपाट झाली होती. म्हणजे दाब भरला होता, आणि त्यानं हात लावला नव्हता. मी फोन लावला. "खोलो."

पलीकडं नुसतं सूं सूं. मग काहीच नाही. मी नखं खात बसले. आणि एकदम तो ओरडला, "पानी, मॅडम! झाग ही झाग!" फेस होऊन पाणी सरलं आणि मागून गॅस आला. आला तो टिकला. साहेबांचा मेसेज आला, सिमेंटची गाडी परत पाठवली म्हणून. मी तिथंच फरशीवर बसून रडले. लाज कसली त्यात!

मग आठवलं, मोटर! धावत जाऊन पिन लावली. मोटर नुसतीच घरघरली. पाणी गेलं होतं.

अव्वा टाकीत वाकून बघत होती. "चालली तुझी विहीर?"

"चालली."

"कायमची?"

"नाही गं. पाणी परत साठणार. परत कांड्या, परत हेच सगळं."

"तितलं पानी काढून टाकायला तुला पगार देत्यात," ती म्हणाली, "आणि हितं मी कुटनं आणू?"

तिनं एक घागर माझ्या हातात कोंबली. शेजारणीच्या दारात हात पसरून उभी होते, तेव्हाही माझं सगळं लक्ष खिशातल्या फोनकडं होतं. विहीर परत अडली म्हणून तो वाजू नये, एवढंच वाटत होतं.