वच्छलाबाईंचा एकटीचा नवस

आमच्या थोरल्या जाऊबाई वच्छलाबाई पिंपळगाव राजा या आमच्या गावात ब्लाऊज शिवतात. वय बावन्न, उंची बेताची, आवाज मोठा, आणि चालणं असं की सोबत निघालेल्या माणसाला अर्धा रस्ता पळावं लागतं. त्यांचं माप कधी चुकत नाही असं काही मी लिहिणार नाही. माझ्या दोन ब्लाऊजांच्या बाह्या अजून मला घट्ट होतात. तक्रार केली की म्हणतात, “बाही बरोबर हाय वंदना, तुहा दंड चुकला.”

या बाईंना हिमालयातल्या तळ्याचा नाद लागला. काजबटणं करताना मोबाइल भिंतीला टेकवून ठेवायची त्यांची सवय. आधी कीर्तनं लागायची. मग कसं कोण जाणे, पाठीवर पिशवी घेऊन एकटेच डोंगर चढणाऱ्या माणसांचे व्हिडिओ लागू लागले. वर बर्फ, खाली गवत आणि मधे निळं पाणी.

“हे पाह्य वंदना,” मला स्वयंपाकातून ओढून नेत म्हणायच्या, “झाडंबी थकून खालीच राह्यले. अन् पाणी पाह्य कुठं जाऊन बसलं!”

पाहता पाहता ठरलं. मनालीच्या वर भृगू तलाव आहे, चौदा हजार फुटांवर. तिथे जायचं. एकटीनं. लग्नसराई आटपली की, जूनमध्ये.

त्यांची लेक काजल पुण्यात नोकरीला आहे. तिने डोंगरातले बूट पाठवले. पिशवी मात्र बाईंनी स्वतः शिवली. बाहेरून ताडपत्रीचं कापड, खांद्याच्या पट्ट्यांत जुन्या गोधडीचा कापूस, कमरेला रुंद पट्टा आणि आतून चक्क ब्लाऊजसारखं अस्तर. त्यात ज्वारी भरून रोज पहाटे शेताच्या वाटेने चालायला लागल्या. साडी, त्याखाली बूट, पाठीवर हिरवी पिशवी. पहिले काही दिवस कुत्री भुंकली. मग कुत्री थकली आणि माणसं विचारू लागली.

घरात अडचण एकच होती, आमचे सासरे. वामनराव. आम्ही त्यांना मामाजी म्हणतो. ओट्यावर बसायचं, तंबाखू मळायची, कोपऱ्यात पिंक टाकायची आणि घराचे निर्णय द्यायचे, असा त्यांचा दिवस.

“एकटी बाई डोंगरात जाते? अन् कायले?” मामाजींनी विचारलं. “गजेंद्रा, तुह्यं काय म्हणणं हाय?”

गजेंद्र म्हणजे वच्छलाबाईंचे यजमान. त्यांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. “मले काय इचारता बाबा? माह्या गुडघ्यानं मले आधीच घरी बसवलं. ज्याचे गुडघे चालते, त्यानं जावं.”

काजल तेव्हा फोनवर होती. आजोबांना पटावं म्हणून पोरीने भोळेपणाने एक वाक्य टाकलं. “आजोबा, तिथं भृगू ऋषींनी तप केलं होतं म्हणतात.”

मामाजींचा चेहरा एकदम उजळला. “तीर्थ हाय तर! मंग पहिलेच सांगाचं ना. जाय बापा, खुशाल जाय. पण तीर्थाले एकटं थोडी जात असते कोणी? संगत पाह्यतो मी.”

वच्छलाबाईंच्या हातातली कात्री तशीच राहिली.

आता आमच्याकडची रीत अशी, की कुणी तीर्थाला निघालं हे एकदा कानावर आलं की ज्याला यायचं तो सोबत येतो. त्याला ‘येऊ नको’ म्हणायचं नसतं. दुसऱ्याची यात्रा अडवणं यासारखं पाप नाही. संध्याकाळपर्यंत शेजारच्या सिंधूताई आल्या. त्या भजनी मंडळाच्या प्रमुख. “आमच्या मंडळाचं नाव लिहून घ्या, पेटीसकट,” म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी कडूबा आला. गावातून कुठलीही यात्रा निघाली की स्वयंपाकाला तोच जातो. तो दारातूनच म्हणाला, “वैनी, तठी वर लाकडं भेटते का गॅस न्याचा?”

“वर झाडंच नाहीत कडूबा,” वच्छलाबाई रडवेल्या आवाजात म्हणाल्या.

“मंग गॅस,” कडूबा म्हणाला आणि खूश होऊन गेला.

आठवड्याभरात एका गाडीत मावणार नाहीत एवढी माणसं झाली. वच्छलाबाईंनी युक्ती काढली. सगळ्यांना म्हणाल्या, “तयारी पाह्यजे. सगळ्याईनं पाठीवर ओझं घेऊन राजूरचा घाट चढून दाखवाचा.” चार पावलांत निम्मी गळतील असा त्यांचा हिशेब.

एक जण गळला नाही. उजाडायच्या आत मंडळी घाटाच्या पायथ्याशी हजर. सिंधूताईंनी पहिल्या वळणावर जो अभंग धरला तो वरच्या वळणापर्यंत सोडला नाही. कडूबाने डोक्यावर पातेलं घेतलं होतं. वर पोचल्यावर त्यातून गरम पोहे निघाले. फोटो काढले, फुगड्या झाल्या. बुलढाण्याकडून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने गाडी हळू करून हात जोडले. आणि घरी आल्यावर ते फोटो पाहून आणखी दोघांनी नावं दिली.

वच्छलाबाई पायरीवर बसून बुटाच्या नाड्या सोडत होत्या. डोळ्यांत पाणी. “वंदना, हे लोक त्या तळ्यात उतरून टाळ वाजवतीन वं. मले एकटीले जाचं होतं. एकटीले म्हणजे एकटीले.”

मी रोज देवीपुढे बसते, पूजेतलं थोडंफार कळतं. मी म्हटलं, “बाई, नवस बोला. नवस जसा बोलला तसाच फेडावा लागते. ‘एकटीनं’ म्हटलं की एकटीनंच. मंग सिंधूताई तर काय, मामाजीबी मधात येणार नाहीत.”

“देवीसमोर खोटं नाही बोलत मी.”

“खोटं कायले? खरोखरच मागा ना काहीतरी.”

“मागू काय? पोरगी कमावते. मशीन चालते. यायच्या गुडघ्यासाठी मागावं तर त्याले देवीलेबी टाइम लागन. माहा जून निघून जाईन.”

आम्ही दोघी विचार करत बसलो. तेवढ्यात ओट्यावरून पिंक टाकल्याचा आवाज आला. वच्छलाबाईंनी मान वळवून त्या लाल कोपऱ्याकडे पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून तो कोपरा त्यांनी घासला आहे. दोनदा फरशी बदलली, कोपरा पुन्हा लालच. त्या उठल्या, हातपाय धुतले आणि संध्याकाळच्या आरतीला, घरदार उभं असताना, खणखणीत आवाजात बोलल्या:

“आई, मामाजीची तंबाखू सुटू दे. वटपौर्णिमेच्या आत सुटली, तर मी भृगूच्या तळ्यावर एकटी जाईन. आपल्या पायानं. आपलं ओझं आपल्या पाठीवर घेऊन. संगत घेणार नाही.”

कापूर जळत होता, टाळ्या थांबल्या होत्या. मामाजींच्या गालात त्या वेळीसुद्धा तंबाखूच होती.

“माह्या तोंडात काय जाते, त्याच्याशी देवीचा काय संबंध वं?” त्यांनी विचारलं. पण विचारताना आवाज बारीक निघाला.

सिंधूताई दारात उभ्या होत्या. त्यांनी तिथल्या तिथे मंडळाची नावं मागे घेतली. “नवसाची वाट हाय. आपण नाही पाय टाकाचा.” कडूबाने हात जोडले आणि तिसऱ्याच दिवशी दुसऱ्या गावच्या यात्रेचा स्वयंपाक धरला. जथा असा फुटला.

आता सगळं मामाजींवर आलं. त्यांनाही ते बरोबर कळलं. सून एकटी जाऊ नये असं वाटत असेल तर त्यांनी फक्त तंबाखू खात राहायचं. एवढं सोपं काम त्यांना आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर बसून त्यांनी दोन्ही गाल भरून तंबाखू खाल्ली.

पण गाव ऐकत नव्हतं. येणारा-जाणारा थांबून विचारी, “काय वामनराव, नवस खाऊन राह्यले का?” भगवंतराव हे त्यांचे शाळेपासूनचे दोस्त. एकाच डबीतून दोघांनी जन्मभर चिमूट घेतलेली. त्यांनी डबी मागे ओढली. “नको बा. पाप मले लागन.” टपरीवाल्याने पुडी दिली नाही, वर प्रसादाची बडीशेप दिली. मामाजी घरी आले ते तणतणत. “मी काय तंबाखूचा गुलाम हाय काय बे? मनात आणलं तर आत्ता सोडतो. पण मले मनात आणाचंच नाही!”

एका संध्याकाळी त्यांनी वच्छलाबाईंना ओट्यावर बोलावलं. मी दाराआड तांदूळ निवडत होते.

“वच्छला, खरं सांग. एकटी काऊन? आमचा काही तरास हाय का तुले?”

“तरास नाही मामाजी.”

“मंग?”

वच्छलाबाई म्हणाल्या, “या घरात आल्यापासून मी एकटी बसली नाही. मशीनवर असली तरी वच्छले पाणी दे, वच्छलाबाई माप घ्या, आई डबा. वाईट नाही वाटत. पण कोणीच हाक मारत नाही, तवा मी कशी असते, हे मलेच माईत नाही. एकदा पाहाचं हाय.”

मामाजींनी डबी उघडली, बंद केली. “अन् पडली-झडली तर? तठी कोण हाय?”

“पायवाट हाय, मेंढपाळ असते. अन् हे हाय.” त्यांनी पिशवीच्या पट्ट्याला शिवलेली शिट्टी दाखवली.

“वाजवून दाखव.”

वच्छलाबाईंनी छाती भरून फुंकली. अख्खी गल्ली बाहेर आली. गजेंद्र गुडघा विसरून धावत आले. सिंधूताईंच्या हातात लाटणं होतं. कुणाच्या तरी म्हशीने दावं तोडलं.

हसून हसून मामाजींना ठसका लागला. गालातली तंबाखू बाहेर आली. पाणी पिऊन शांत झाल्यावर म्हणाले, “आता बसू दे ती बाहेरच.” डबी त्यांनी माझ्याकडे दिली. वटपौर्णिमेपर्यंत गूळ-शेंगदाणे खाल्ले, माझ्यावर आणि भाजीवर चिडले, रात्री येरझाऱ्या घातल्या, पण तंबाखू तोंडात घेतली नाही. वडाची पूजा झाली आणि दुसऱ्या दिवशी नांदुऱ्याच्या स्टेशनावर सुनेला सोडायला ते स्वतः आले. बरोबर निम्मं गाव होतं. एकटीनं निघालेल्या बाईला निरोप द्यायला एवढी गर्दी त्या फलाटाने पाहिली नसेल.

पुढचं सगळं वच्छलाबाईंच्याच तोंडून ऐकलेलं आहे.

मनालीत एक दिवस नुसत्या बसून राहिल्या, कारण उंचीवर घाई केली तर डोकं धरतं असं काजलने बजावलं होतं. भाड्याने तंबू घेतला. वाटेच्या सुरुवातीच्या चहावाल्याकडे नाव, गाव आणि परतायचा दिवस सांगून ठेवला. तो म्हणाला, “अकेली?” या म्हणाल्या, “हाव.” त्याला कळलं म्हणे.

आधी उंच देवदार, मग गवताची कुरणं, त्यात मेंढ्या. घाटात पळणारी आमची बाई तिथे दर थोड्या पावलांनी थांबायला लागली. हवा विरळ. घोटभर श्वास आला की पुढचं पाऊल. पहिला मुक्काम कुरणात. थंडी अशी की सगळे कपडे घालून वर साडी गुंडाळून झोपल्या. सकाळी ओढा ओलांडला, कारण दुपारी बर्फ वितळून तोच ओढा कंबरेएवढा होतो. पुढे बर्फाचा पट्टा आला. तिथे बुटाची टाच रोवत, बाजूला न बघता गेल्या. एकदा पाय घसरला आणि बसल्याजागीच हातभर खाली आल्या. “पिशवीनं वाचवलं. मागून गादीसारखी बसली.”

आणि मग तळं. अर्धं बर्फाखाली, अर्धं निळं.

“केवढं होतं?” मामाजींनी विचारलं. आम्ही सगळे ओट्यावर त्यांच्याभोवती बसलो होतो.

“एवढुसं. आपल्या गावच्या तलावाएवढंबी नाही.”

“अन् पाह्यलं का मंग? एकटी कशी असते ते?”

वच्छलाबाई हसायला लागल्या. “लय बोलते मामाजी मी. लय म्हणजे लय. सारी वाट बडबड करत गेली. वच्छले पाणी पी. वच्छले टोपी घाल, कानाले वारा लागते. अवं वच्छले, तिकडं कुठं पाय टाकते? कोणी हाक माराले नव्हतं, तर मीच मारे अन् मीच ओ देये.”

आम्ही हसलो. त्या मात्र थांबल्या होत्या.

“तळ्याशी गेल्यावर बंद झालं. कसं झालं माईत नाही. पाणी डोळ्याले लावलं, धोंड्यावर बसली. मनातबी कोणी बोलेना. किती वेळ बसली ते काही सांगता येत नाही. ढग खाली आले तवा उठली.”

मामाजी खाकरले. “नवस फिटला ना पण? म्हणजे मी आता मोकळा. चिमूटभर घ्याले हरकत नाही.”

“घ्या ना मामाजी,” वच्छलाबाई म्हणाल्या. “हिमालयात तळे लय हायत. मी उद्याच्या आरतीले दुसरा नवस बोलते.”

मामाजींनी बडीशेप मागितली.

वच्छलाबाई आता पुन्हा मशीनवर आहेत. श्रावणाचे ब्लाऊज आले आहेत, माझं एक त्यातच आहे आणि त्याच्या बाहीबद्दल मी आशा सोडली आहे. एक फरक मात्र घरात सगळ्यांच्या लक्षात आलाय. पूर्वी कुणी “वच्छले” म्हटलं की त्या हातातलं टाकून उठायच्या. आता पहिल्या हाकेला उठत नाहीत. टीप पुरी करतात, दोरा तोडतात, मग दुसऱ्या हाकेला ओ देतात. आणि गंमत अशी की पाणी तेवढ्यात ज्याचं त्याने घेतलेलं असतं.